विवाहाची कायदेशीर व्याख्या (महाराष्ट्र आणि गोवा)

विवाहाची कायदेशीर व्याख्या म्हणजे कोणत्या स्त्री-पुरुष संबंधाला, कोणत्या विधीने आणि कोणत्या अटींवर राज्यसंस्थेने विवाह म्हणून मान्यता द्यावी, याविषयीची कायद्यातील तरतूद होय. वारसा, पोटगी, संततीचे औरसत्व, दत्तक, निवृत्तिवेतन आणि द्विभार्याप्रतिबंध हे सर्व प्रश्न या व्याख्येवर अवलंबून असल्याने तिच्याविषयी महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून वाद होत आला आहे. विवाह हा धर्मसंस्कार की करार, विधी महत्त्वाचा की नोंदणी, निरनिराळ्या धर्मांसाठी निरनिराळे कायदे असावेत की एकच, आणि विवाह केवळ स्त्री-पुरुषांतच होऊ शकतो काय, हे या वादाचे प्रमुख मुद्दे आहेत.

महाराष्ट्र व गोवा या शेजारी राज्यांनी या प्रश्नाची परस्परांहून भिन्न उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्रात बहुसंख्य विवाह संबंधित धर्माच्या व्यक्तिगत कायद्यानुसार होतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून विवाह हा नागरी करार मानला जातो आणि त्याची नोंदणी हाच विवाहाचा पाया समजला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, शिरोडा ते आरोंदा या पट्ट्यात, या दोन व्यवस्था तेरेखोल नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर येतात.

== पार्श्वभूमी ==

ब्रिटिश अमदानीत हिंदू व मुसलमान यांच्या विवाहविषयक बाबी त्यांच्या त्यांच्या धर्मशास्त्रानुसार ठरवाव्यात, असे धोरण होते. हिंदू विवाह हा संस्कार असून तो अविच्छेद्य आहे, तर मुस्लिम निकाह हा मेहरसह होणारा करार आहे, अशी मांडणी न्यायालयांनी स्वीकारली. पारशी व ख्रिस्ती समाजांसाठी अनुक्रमे १८६५ व १८७२ साली स्वतंत्र कायदे झाले. यांपैकी कोणत्याही चौकटीत न बसणाऱ्यांसाठी १८७२ सालचा विशेष विवाह कायदा करण्यात आला. मात्र त्यानुसार विवाह करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने झालेल्या दुरुस्तीमुळे हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न नाकारता आपापसांत नोंदणी विवाह करता येऊ लागला. आजचा विशेष विवाह कायदा १९५४ सालचा आहे.

== महाराष्ट्रातील वादाचा इतिहास ==

=== पुरोहिताविना विवाह ===

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्यास समाजाने प्रारंभ केला. या विवाहांत वधूवर परस्परांना वचने देत. गावोगावच्या वतनदार जोशांनी आपला हक्क बुडाल्याची तक्रार केली आणि पुरोहिताला न बोलावणाऱ्या कुटुंबाने त्याची दक्षिणा द्यावी काय, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. विवाहाची वैधता विधी सांगणाऱ्यावर अवलंबून आहे की विवाह करणाऱ्यांच्या संमतीवर, असा मूलभूत मुद्दा या चळवळीने प्रथमच सार्वजनिक चर्चेत आणला.

=== रखमाबाई खटला ===

संमतीचा प्रश्न याहून तीव्रपणे रखमाबाई यांच्या खटल्यात पुढे आला. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पुढे पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पती दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांच्या प्रस्थापनेसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीच्या स्वाधीन करणे त्यांना मान्य नव्हते. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जावे अथवा सहा महिने कैद भोगावी, असा निर्णय दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड होऊन हे प्रकरण मिटले. पुढे रखमाबाई इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या.

या खटल्याने विवाहास वधूची संमती आवश्यक आहे काय, हा प्रश्न देशभर गाजवला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे ही पार्श्वभूमी होती. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ वर्षे ही किमान वयोमर्यादा ठरवली. १९७८ साली ती अनुक्रमे १८ व २१ वर्षे करण्यात आली. तथापि वयोमर्यादेचा भंग करून झालेला विवाह आपोआप रद्दबातल ठरत नाही. २००६ च्या कायद्यानुसार असा विवाह बालवयात विवाहबद्ध झालेल्या पक्षाच्या अर्जावरून रद्द करून घेता येतो.

=== आंतरजातीय विवाह ===

मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ साली प्रतिलोम विवाह, म्हणजे उच्च मानलेल्या वर्णाच्या स्त्रीचा कनिष्ठ मानलेल्या वर्णाच्या पुरुषाशी झालेला विवाह, अवैध ठरवला होता. १९२२ साली त्याच न्यायालयाने अनुलोम विवाह मात्र वैध मानला. म्हणजे एकाच प्रांतात दोन जातींमधील विवाहाचे कायदेशीर अस्तित्व वधू कोणत्या जातीची आहे यावर ठरत होते. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ साली मध्यवर्ती विधिमंडळात आंतरजातीय विवाह वैध ठरवणारे विधेयक मांडले, पण सनातनी विरोधामुळे ते संमत झाले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ साली अशा विवाहांना कायद्याने मान्यता दिली. देशपातळीवर हा प्रश्न १९४९ च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने सुटला.

=== द्विभार्याप्रतिबंध आणि हिंदू संहिता ===

मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा केला. पहिल्या कायद्यास राज्यघटनेच्या आधारे आव्हान देण्यात आले. केवळ हिंदूंवर एकपत्नीत्वाचे बंधन घालणे हा समानतेचा भंग आहे, असा आक्षेप होता. मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने १९५१ साली हा कायदा वैध ठरवला. सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा अधिकार राज्याला आहे, असे खंडपीठाचे म्हणणे होते. संहिताबद्ध नसलेले व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, हे या निकालातील मत पुढे अनेक दशके वादाचा विषय झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे नेलेल्या हिंदू संहिता विधेयकात धार्मिक व नागरी असे विवाहाचे दोन प्रकार, एकपत्नीत्व, जातिनिरपेक्षता आणि घटस्फोट यांची तरतूद होती. विधेयक रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे संहितेचे तुकडे पाडून कायदे करण्यात आले. त्यांपैकी हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून अमलात आला.

== विधी की नोंदणी ==

हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे साजरा झाला पाहिजे. त्या विधींत सप्तपदीचा समावेश असल्यास सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा केवळ पुरावा असतो. ती न झाल्याने विवाहाच्या वैधतेला बाध येत नाही, असे कलम ८ मध्ये स्पष्ट केले आहे.

या व्याख्येचा परिणाम भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६५) या खटल्यात दिसून आला. पहिली पत्नी हयात असताना आरोपीने गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह केला होता. त्यात माळा घालणे, वधूवरांची कपाळे एकमेकांस टेकवणे असे विधी झाले होते. होमापुढील मंत्रोच्चार व सप्तपदी झाली नव्हती आणि ती वगळण्याची रूढी असल्याचेही सिद्ध झाले नाही. त्यामुळे दुसरा विवाह कायद्याच्या अर्थाने 'साजरा' झालाच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून आरोपीस निर्दोष मुक्त केले.

या निकालावर स्त्रीवादी अभ्यासकांनी कठोर टीका केली आहे. विधी अपुरा ठेवणारा पुरुष द्विभार्येच्या गुन्ह्यातून सुटतो. दुसरीकडे समाजात पत्नी म्हणून वावरलेली स्त्री कायद्याच्या दृष्टीने पत्नी ठरत नाही. १९८८ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पहिला विवाह अस्तित्वात असताना झालेल्या दुसऱ्या विवाहातील स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी नाकारली. २०१३ साली आणखी एका मराठी दांपत्याच्या प्रकरणात मात्र पहिला विवाह लपवून फसवणूक केलेल्या पुरुषाला त्या फसवणुकीचा लाभ घेता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने पोटगी मंजूर केली. ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दीर्घकाळ पत्नीप्रमाणे राहिलेल्या स्त्रीचा 'पत्नी' या संज्ञेत समावेश करण्याचा प्रस्ताव मान्य केला होता. त्यापूर्वीच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने 'विवाहसदृश संबंध' ही नवी संकल्पना आणली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात बौद्ध पद्धतीचे विवाह रूढ झाले. बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. त्या कायद्यातील 'रूढी' दीर्घकाळ चालत आलेली असावी लागत असल्याने, नव्याने स्वीकारलेल्या विधीचे स्थान काय, असा प्रश्न उपस्थित झाला. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी त्यातून पुढे आली. तामिळनाडूने १९६७ साली कलम ७-अ घालून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. सत्यशोधक विवाहाची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात अशी स्वतंत्र तरतूद झालेली नाही.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा पहिला कायदा १९५३ सालचा आहे. त्याची जागा १९९८ च्या कायद्याने घेतली. ग्रामीण भागात ग्रामसेवक हे विवाह निबंधक म्हणून काम पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. तरीही २०२४ साली त्याच न्यायालयाने, आवश्यक विधी झालेले नसतील तर केवळ नोंदणी प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे म्हटले.

== गोव्यातील व्यवस्था ==

पोर्तुगालची १८६७ सालची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींची स्वतंत्र संहिता करण्यात आली. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर २५ डिसेंबर १९१० रोजी नवा विवाहविषयक कायदा झाला. त्यानुसार विवाह हा भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींनी वैधपणे कुटुंब स्थापन करण्यासाठी केलेला करार आहे. तो कायमस्वरूपी गृहीत धरला जातो, मात्र घटस्फोटाने संपुष्टात येऊ शकतो.

या पद्धतीत वधूवर नागरी निबंधकासमोर प्रथम विवाहाचा इरादा जाहीर करतात. हरकतींसाठी ठेवलेली मुदत संपल्यावर ते पुन्हा येऊन सही करतात. धार्मिक विधी कुटुंबाच्या इच्छेने होतो, पण त्याने एकट्याने कायदेशीर विवाह होत नाही. १९४६ च्या एका पोर्तुगीज फर्मानाने कॅथलिक विवाहांसाठी वेगळी तरतूद केली.

विवाहापूर्वी वेगळा लेखी करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. तिच्या कारभाराचे अधिकार परंपरेने पतीकडे असले, तरी पत्नीच्या संमतीवाचून त्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. विवाह संपुष्टात आल्यास निम्मा वाटा पत्नीचा असतो.

१९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने हे जुने कायदे चालू ठेवले. हिंदू विवाह कायदा गोव्याला लागू करण्यात आलेला नाही. समान नागरी कायद्याचे उदाहरण म्हणून गोव्याचा वारंवार उल्लेख होतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात तसा गौरव केला आणि गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या राज्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही हीच संहिता लागू होईल, असे ठरवले. ही व्यवस्था पूर्णपणे समान नाही, असा आक्षेप टीकाकार घेतात. कॅथलिकांसाठीची स्वतंत्र तरतूद आणि पत्नीला विशिष्ट वयापर्यंत अपत्य अथवा पुत्र न झाल्यास हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा देणारा १८८० च्या संहितेतील भाग ही त्याची उदाहरणे दिली जातात.

== शिरोडा आणि सीमापट्टा ==

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा (गोव्याच्या फोंडा तालुक्यातील शिरोडा हे वेगळे गाव आहे) ब्रिटिश अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होते. येथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. जवळचे आरोंदा सावंतवाडी संस्थानात, तर तेरेखोल नदीपलीकडील पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज अमलाखाली होता. म्हणजे काही कोसांच्या परिघात ब्रिटिश, संस्थानी आणि पोर्तुगीज असे तीन अंमल होते. १९४८ साली सावंतवाडी मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला.

सोयरिकी मात्र या सीमा पाळत नव्हत्या. पेडणे व वेंगुर्ले-सावंतवाडी या भागांत भाषा, दैवते व लग्नातील चालीरीती सारख्या आहेत आणि लेकी-सुनांची देवाणघेवाण आजही चालते. अशा विवाहात कायद्याचा फरक प्रत्यक्ष जाणवतो. पेडण्यात दिलेल्या मुलीचे लग्न माहेरच्या मांडवात विधिपूर्वक लागले, तरी सासरच्या मालमत्तेतील तिचा हक्क गोव्यातील नोंदणी आणि पतीचा अधिवास यांच्याशी निगडित असतो. उलट शिरोड्यात सून म्हणून आलेल्या मुलीला गोव्यातील भगिनीप्रमाणे पतीच्या मालमत्तेत विवाहामुळे आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिचा हक्क पतीच्या मृत्यूनंतर वारस म्हणून निर्माण होतो.

=== भाविणी आणि देवाशी विवाह ===

विवाहाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या गेलेल्या स्त्रियांचा प्रश्नही या भागात होता. दक्षिण कोकण व गोव्यातील देवस्थानांत भाविणी देवाच्या सेवेत असत. 'शेस' या विधीने मुलीचे देवाशी लग्न लावले जाई, तर काही ठिकाणी देवळातील दिव्याचे तेल डोक्यावर घेऊन स्त्री भावीण होई. त्यानंतर तिला माणसाशी विवाह करता येत नसे. रूढीने तो विवाह मानला, पण राज्याच्या कायद्याने त्यातून पतीचे कोणतेही दायित्व निर्माण केले नाही. नायकिणींच्या दत्तकालाही मुंबई उच्च न्यायालयाने १८८० साली मान्यता नाकारली.

या समाजातील शिक्षित मंडळींनी शेस बंद करून रीतसर विवाह रूढ करण्याची चळवळ चालवली. गोमंतक मराठा समाज ही संघटना तीत अग्रेसर होती. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला मुली वाहणे बेकायदेशीर ठरवले आणि अर्पण झालेल्या स्त्रीचा पुढील विवाह रूढीच्या कारणाने अवैध ठरणार नाही, अशी तरतूद केली. हा कायदा ब्रिटिश मुलुखाचा असल्याने संस्थानी गावांना तो आपोआप लागू नव्हता. महाराष्ट्राने २००५ साली अधिक व्यापक देवदासी प्रथा निर्मूलन कायदा संमत केला.

== मुस्लिम विवाह कायद्यातील सुधारणेची मागणी ==

मूळचे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे, अशी त्यांची मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तात्काळ तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ साली संसदेने तो गुन्हा ठरवला. बहुपत्नीत्वाचा प्रश्न अद्याप न्यायालयांपुढे व विधिमंडळांपुढे आहे.

== समलिंगी विवाहाचा प्रश्न ==

हिंदू विवाह कायदा 'कोणत्याही दोन हिंदूंमधील' आणि विशेष विवाह कायदा 'कोणत्याही दोन व्यक्तींमधील' विवाहाविषयी बोलतो. वयाच्या अटी मात्र स्त्री-पुरुष अशा भाषेत आहेत. या शब्दयोजनेचा अर्थ लावण्याचा प्रश्न सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात उपस्थित झाला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात बदल करणे हे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत होते. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याबाबत व दत्तकाबाबत तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली. चंद्रचूड अल्पमतात राहिले. विपरीतलिंगी संबंधातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्याने विवाह करता येतो, हे मात्र सर्वांनी मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिका फेटाळण्यात आल्या.

या संदर्भात गोव्याची स्थिती लक्षणीय आहे. पोर्तुगालने २०१० साली विवाहाच्या व्याख्येतील भिन्नलिंगी असण्याची अट काढून टाकली. गोव्यात मात्र १९१० ची व्याख्या कायम आहे, कारण १९६१ नंतरचे पोर्तुगीज बदल तेथे लागू होत नाहीत. कॅनडा (२००५), इंग्लंड व वेल्स (२०१४), अमेरिका (२०१५) आणि ऑस्ट्रेलिया (२०१७) या मराठी भाषकांची वस्ती असलेल्या देशांत समलिंगी विवाह वैध आहेत.

== प्रमुख भूमिका ==

* '''संस्कारवादी''': विवाह ही राज्यापूर्वीची धार्मिक-सामाजिक संस्था असून राज्याने तिची व्याख्या बदलू नये, केवळ तिला मान्यता द्यावी.
* '''करारवादी''': संमती व नोंदणी हाच विवाहाचा कायदेशीर गाभा असावा आणि धार्मिक विधी ऐच्छिक असावा. या मताचे लोक गोव्याचा दाखला देतात.
* '''स्त्रीवादी''': व्याख्या काटेकोर केल्याने त्याबाहेर राहणाऱ्या स्त्रिया निराधार होतात. त्यामुळे विवाहाच्या रूपापेक्षा सहजीवनातून निर्माण होणाऱ्या हक्कांना संरक्षण मिळावे.
* '''समान नागरी कायद्याचे पुरस्कर्ते''': राज्यघटनेच्या अनुच्छेद ४४ नुसार सर्वांसाठी एकच व्याख्या असावी. उत्तराखंडने २०२४ साली असा कायदा केला. त्यात विवाह स्त्री-पुरुषांतीलच मानला आहे.
* '''बहुविधतावादी''': समाजांनी आपापल्या कायद्यांत आतून सुधारणा कराव्यात. एकच कायदा बहुसंख्याकांच्या चालीरीतींकडे झुकण्याचा धोका असतो.

विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीवरही मतभेद आहेत. खोट्या विवाहांना तिने आळा बसतो, असे समर्थक म्हणतात. कुटुंबाचा विरोध असलेल्या जोडप्यांना तीमुळे धोका निर्माण होतो, असे विरोधक म्हणतात. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमल्यानंतर, खासगीपण आणि राज्याची देखरेख यांवरील ही चर्चा पुन्हा सुरू झाली.

== हेही पाहा ==

* हिंदू संहिता विधेयक
* विशेष विवाह कायदा
* गोवा नागरी संहिता
* सत्यशोधक समाज
* रखमाबाई राऊत
* देवदासी
* समान नागरी कायदा
* शिरोडा (वेंगुर्ले)